ठकूची वाट

फार वर्षांपूर्वी, जेव्हा आवळसड्यावर चढायला एकच वाट होती आणि ती माणसांपेक्षा वानरांच्या सोयीची होती, तेव्हाची ही गोष्ट. आवळसडा म्हणजे डोंगराच्या माथ्यावरचं गाव. पायथ्याला नदी, आणि नदीकाठी डोहाची वाडी. वरच्या लेकी खाली द्यायच्या, खालच्या लेकी वर आणायच्या, अशी दोन्ही गावांची सोयरीक. पण मधे शिडीची वाट. शिडी म्हणजे कड्यातच खोदलेल्या गुडघ्याएवढ्या पायऱ्या. उतरताना खाली बघायचं नाही आणि चढताना बोलायचं नाही, असं लहानपणीच शिकवत.

त्या सड्यावर ठकू नावाची मुलगी होती. तिसऱ्या वर्षी तिला ताप आला आणि जाताना पायांतलं बळ घेऊन गेला. तेव्हापासून ती बसून चालायची. दोन्ही हात जमिनीला टेकायचे, अंग उचलायचं, वीतभर पुढे ठेवायचं. तळहात सोलवटून निघायचे, म्हणून तिच्या थोरल्या भावाने, गोंदूने, तिला हातात धरायच्या लाकडी खडावा करून दिल्या. अंगणातून ठकू निघाली की खट् खट् आवाज यायचा. शेजारणी म्हणायच्या, देवाच्या खडावा पायात आणि ठकूच्या हातात. ठकूही हसायची. तिला थट्टेचं वाईट वाटत नसे. वाईट वाटायचं ते वेगळ्याच गोष्टीचं.

ते असं, की तिला कुणी 'चल' म्हणत नसे. 'उचला' म्हणत. लग्नात तिला उचलून मांडवाच्या कोपऱ्यात ठेवत, आणि जेवणं झाली की उचलून घरी आणत. तिला अजून बसायचं आहे का, हे विचारायचं कुणाच्या मनातच येत नसे. पाहुणे यायचे ते गोंदूला विचारायचे, "हिला भूक लागली असंल का रं?" आणि ठकू तिथेच बसलेली असायची. माणसं वाईट नव्हती. उलट जीव लावणारी होती. पण दुसऱ्याच्या पाठीवर बसलेल्या माणसाला कुठे वळायचं ते सांगता येत नाही, एवढं त्यांच्या ध्यानात आलेलं नव्हतं.

ठकूची धाकटी बहीण भागू. दोघींचा एकमेकींवर फार जीव. भागूचं लग्न डोहाच्या वाडीत झालं, आणि वर्षभरात ती बाळंत झाली. मुलगी झाली. पण बाळंतपणानंतर भागूला ताप भरला, तो उतरेना. तिने निरोप धाडला, ताईला बोलवा. निरोप सकाळीच सड्यावर पोचला. नेमके लावणीचे दिवस. गोंदू घाटापलीकडे भाताची रोपं आणायला गेलेला, बाकीचे पुरुष चिखलात. ठकू उंबऱ्यावर येऊन बसली. येणाऱ्याजाणाऱ्या बायांना सांगत राहिली, कुणाला तरी बोलवा. दुपार टळल्यावर चौघे आले, अंगावरचा चिखलही न धुता त्यांनी तिला पाठीवर घेतलं, ओल्या शिडीवरून जीव मुठीत धरून खाली नेलं. ते पोचले तेव्हा भागूला जाऊन घटका झाली होती.

दोष कुणाला द्यायचा? निरोप्याने उशीर केला नव्हता, आणि त्या चौघांनी तर स्वतःचा जीव धोक्यात घातला होता. ठकूने बहिणीचे पाय कुरवाळले, मग त्या एवढ्याशा पोरीला मांडीवर घेतलं. पोरीचं नाव ठेवलं जाई. असं म्हणतात, की ठकूने तेव्हाच पोरीच्या कानात सांगितलं, "तुझ्या लग्नात ओटी भराया मी येईन. आन् कुणाची वाट बघत बसणार न्हाई."

वर परतल्यावर महिना गेला. मग एक दिवस खडावा घेतल्या आणि शिडीच्या तोंडाशी न जाता उलट्या बाजूला, पश्चिमेच्या उतारावर गेली. तिकडे कुणी जात नसे. करवंदाच्या जाळ्या, मुरूम, गवत. गोंदू मागोमाग धावला.

"कुठं निघालीस?"

"खाली."

"अगं, मी हाय की पाठीला. कवाबी सांग."

"तू हायेस, दादा. पर तू कायम मोकळा असतोस व्हय?"

गोंदू त्या दिवशी तिच्या मागे चालत राहिला, आणि संध्याकाळी दोघं परत आली तेव्हा जेमतेम आंब्याच्या झाडाच्या उंचीएवढं अंतर झालं होतं.

तिची रीत सोपी होती. दम लागला की वाट चुकली. जिथे छाती भरून यायची तिथे ती थांबायची, मागे यायची, आणि जरा आडवं होऊन दुसरीकडून बघायची. डोंगराशी ती कधी भांडली नाही. गोंदूची चांदी नावाची म्हातारी म्हैस होती, एका पायाने अधू. ठकू तिला पुढे सोडायची. धडधाकट जनावर सरळ उतरतं, पण चांदी वळणावळणाने, सोसेल तेवढाच उतार घेत जायची, आणि ठकू तिच्या मागे पांढरे गोटे मांडत जायची. असं म्हणतात, की ठकू जिथे जिथे टेकली तिथलं गवत पुन्हा उभं राहिलं नाही, वाट द्यायची म्हणून बाजूला कलूनच वाढलं.

वर्षामागून वर्षं गेली. वाट लांबली तसा गोंदूने अर्ध्यावरच्या हिरड्याखाली खोप बांधून दिली, तिथे ठकू आठ आठ दिवस राहायला लागली. गावाला वाटलं, भागूच्या दुःखाने हिचं डोकं फिरलं. मग गावाला तिची दया आली, आणि गावाला दया आली की काय होतं ते ऐका.

आधी त्यांनी डोली केली. वेताची, रंगवलेली, गोंडे लावलेली. चौघांनी मिरवत आणून तिच्यापुढे ठेवली. ठकू तिच्यात बसली, गोंड्यांवरून हात फिरवला, म्हणाली, "लई देखणी झालीया. पर हिला चार माणसं लागत्यात. भागू गेली त्या दिशी मला एक गावंना." डोली मग कुणाच्यातरी ओसरीत टांगून ठेवली, आणि तिच्यात कोंबडी अंडी घालायला लागली.

नंतर त्याहून मोठी चूक झाली. एका पावसाळ्यात ठकू तापाने अंथरुणाला खिळली. तेव्हा गावचा पाथरवट म्हादू म्हणाला, आपण बाईला मदत करू. तिच्या वाटेत एक मोठं वळण होतं, तिथे तिने उतार हलका करायला दोन उन्हाळे घालवले होते. म्हादूला ते वळण उगाच लांबचं वाटलं. त्याने पोरं जमवली आणि मधोमध सरळ खाली अकरा पायऱ्या घडवल्या, अगदी सुबक, कडा तासलेल्या. मुरूम हवा म्हणून वळणाची माती उकरून पायऱ्यांखाली घातली. ठकू बरी होऊन आली तेव्हा पायऱ्यांना हळद-कुंकू लावून सगळे वाट बघत उभे होते.

ठकूने उकरलेलं वळण बघितलं. त्या सगळ्या आनंदी चेहऱ्यांसमोर तिला रडू येत होतं आणि ते तिने गिळलं.

"म्हादूभाऊ, काम झ्याक केलंस. आता खाली बस."

"कशापायी?"

"बस तर. माझ्या खडावा घे. आन् माझ्यावानी उतर. पाय लावायचा न्हाई."

म्हादू बसला. पोरं हसायला लागली, तोही हसला. पहिल्या पायरीवरून उतरताना पटका गळून पडला. दुसऱ्या पायरीवर धोतर फाटलं. तिसऱ्या पायरीवर तो अडकला. खाली झेप घ्यायची तर तोंडावर पडणार, वर यायचं तर हात पुरेनात. तो तिथेच बसून राहिला. आता कुणी हसत नव्हतं. त्याने वर, ठकूकडे पाहिलं. एवढ्या वर्षांत तिच्याकडे खालून बघायची त्याची पहिलीच वेळ होती.

"किती उंच चालंल, बाई?" त्याने विचारलं.

ठकूने दगडाला हात लावला आणि अंगठा नि करंगळी ताणून वीत उभी केली. "येवढी. ह्याच्यावर न्हाई. आन् उतार जमंल तिथं येवढीबी नको."

म्हादूने तिथल्या तिथे वेताची काठी तिच्या वितीएवढी कापली आणि कमरेला खोचली. ती काठी मग त्याच्या कमरेवरून मरेपर्यंत उतरली नाही. अकरा पायऱ्या त्याने स्वतः फोडल्या, वळण पुन्हा भरलं, आणि दरवर्षी पेरणीआधीचा महिना ठकूच्या वाटेवर घालवायला लागला. शेवटी शेवटी एक काळा दगड आडवा आला, हत्तीएवढा. असं म्हणतात, की ठकूने त्याला हात टेकून 'सरक बाबा' म्हटलं आणि तो सरकला. म्हादू मात्र सांगायचा, की दगड-बिगड काही सरकला नाही, आम्ही सात जणांनी नऊ दिवस पहारी घातल्या. पण गाव अजून दगडाच्याच बाजूने आहे.

इकडे जाई सोळा वर्षांची झाली. तिचं लग्न ठरलं, मांडव डोहाच्या वाडीतच पडला. जाईच्या बापाने रीतीप्रमाणे चौघांना वर धाडलं, मावशीला घेऊन या म्हणून. त्यांनी ती जुनी डोली कोंबडीकडून सोडवून घेतली आणि ठकूच्या दारात गेले, तर दाराला बाहेरून कडी. शेजारी विचारलं, खोपीत डोकावलं. ठकू कुठेच नाही. ते शिडीवरून धडपडत खाली आले आणि मांडवात सांगितलं, मावशी हरवली.

मांडवात कुजबुज सुरू झाली. मुहूर्त जवळ आलेला. अंतरपाट धरलेला. बाप जाईला म्हणाला, ओटी दुसऱ्या कुणी भरली तरी चालतं. जाई म्हणाली, "मावशीनं सांगितलंय, ती येणार." भटजींनी सूर्याकडे बघितलं, घटिकापात्राकडे बघितलं, जाईकडे बघितलं, आणि मंगलाष्टकांमध्ये स्वतःची दोन कडवी घालून वेळ काढली, असं म्हणतात. गोंदू मात्र मांडवाच्या पश्चिमेच्या खांबाला टेकून बसला होता. दोन दिवसांपूर्वी बहिणीने त्याला शपथ घातली होती, पुढे जा, कुणाला सांगू नकोस, मागे वळून बघू नकोस. त्याने वळून बघितलं नव्हतं. आता त्याला वाटत होतं, बघायला हवं होतं.

आणि मग खट् खट् आवाज आला.

नदीकडच्या करंजाखालून ठकू येत होती. लुगडं तांबड्या मातीने माखलेलं, केस अकाली पिकलेले, पाठीवर ओटीच्या तांदळाचं गाठोडं. पुढे कुणी नव्हतं, मागेही कुणी नव्हतं. दोनचार जण सवयीने उचलायला धावले. गोंदूने हात आडवे करून त्यांना अडवलं, आणि सगळा मांडव उभा राहून बघत राहिला, ती आपल्या चालीने येईपर्यंत.

जाई अंतरपाट सोडून पुढे आली आणि मावशीसमोर मातीतच बसली.

"मावशे, कुणासंगं आलीस?"

"कुणासंगं न्हाई, बाय," ठकू म्हणाली. "माझी मी आले."

ती दोन दिवस उतरत होती. तळहात फुटले होते, तांदळाला थोडं रक्त लागलं. त्याच ओंजळीने तिने भागूच्या लेकीची ओटी भरली. गोंदू खांबाला डोकं लावून रडला, म्हादूही रडला, आणि डोलीवाले चौघे डोली घेऊन मागच्या मागे निघून गेले.

त्यानंतर शिडीवरून कोण जातंय? पोटुशी बाई, डोक्यावर भारा घेतलेला माणूस, डोळ्यांनी दिसत नसलेला म्हातारा, नुकतं चालायला लागलेलं पोर, सगळे ठकूच्याच वाटेने जायला लागले. वाट लांब होती पण कुणाला दम लागत नसे. धडधाकट पुरुषांनी थोडे दिवस शिडीचा हट्ट धरला, मग गुडघे दुखायला लागल्यावर तेही आले. शिडीवर आता निवडुंग माजलाय.

ठकू गेल्यावर गावाने तिचं देऊळ बांधायचं ठरवलं. तेव्हा म्हादू थकलेला होता, तरी बैठकीला आला. चौथऱ्याचं माप चाललं होतं. त्याने विचारलं, "पायऱ्या किती ठेवणार?" माप घेणाऱ्याने दोरी गुंडाळली, आणि देऊळ राहिलं ते राहिलंच.

पण म्हादूची ती काठी चावडीत टांगलेली आहे. तिला ठकूची वीत म्हणतात. नवं घर बांधताना गवंडी आधी ती काठी मागून नेतो, आणि आवळसड्याच्या कुठल्याही उंबऱ्याला, कुठल्याही पायरीला त्याहून जास्त उंची नाही. दर दिवाळीला पावसाने धुपलेली वाट गाव दुरुस्त करतं. काम झालं की गावातला सगळ्यात तगडा माणूस निवडतात, त्याच्या हातात खडावा देतात आणि वाट बसून उतरायला लावतात. जिथे त्याला दम लागतो तिथे पुन्हा कुदळ पडते.

आणि त्या वाटेने तुम्ही कधी खाली उतरलात, तर करंजाखाली कुणी ना कुणी बसलेलं असतं, ते विचारतं, कुणासंगं आलात? तुम्ही कुबडीवर आलेले असा, कुणाचा हात धरून आलेले असा, की सगळी वरात घेऊन आलेले असा, उत्तर एकच द्यायचं असतं. सड्याची नवरी तर ते दिल्याशिवाय पुढे पाऊल टाकत नाही. आजूबाजूचे सगळे थांबतात, वाजंत्री थांबते, आणि ती मोठ्याने सांगते, "माझी मी आले."