पाटलाच्या अंगणातली उंडी

फार पूर्वी, समुद्राला अजून कुणी आपला म्हणत नव्हतं, तेव्हाची गोष्ट.

किनाऱ्यापासून अर्ध्या दिवसाच्या वल्हवणीवर एक लहानसं बेट होतं. बेटावर नारळ होते, भोवती मासळी होती आणि मधोमध गोड्या पाण्याची एक विहीर होती. जमीन मात्र सगळी खडकाळ, त्यामुळे भात पिकत नसे. बेटावरची माणसं सुकी मासळी, नारळ आणि काथ्याचे दोर होड्यांत भरत आणि किनाऱ्यावरच्या चार बंदरांपैकी मनाला येईल त्या बंदरात जात. एका ठिकाणी भाव पडला तर दुसऱ्या ठिकाणी. दुसऱ्या ठिकाणचा व्यापारी उर्मट निघाला तर तिसऱ्या ठिकाणी. परतताना तांदूळ, गूळ आणि कापड घेऊन येत.

त्या बेटाची एक रीत होती. घरात मूल जन्मलं की बाराव्या दिवशी बाप अंगणात उंडीचं बी पुरायचा. उंडीचं लाकूड खाऱ्या पाण्याला दाद देत नाही आणि तिच्या बियांचं तेल होडीच्या सांध्यांना चोपडतात. ते झाड मुलाबरोबर वाढायचं, आणि त्या मुलाला नातू झाला की नातवाची होडी त्याच झाडाची बनायची. म्हणून बेटावर होडीला कुणी होडी म्हणतच नसे, 'आजा' म्हणत. "आमचा आजा यंदा जरा गळतोय," असं कुणी म्हटलं की शेजारी पोट धरून हसत, आणि मग तेलाची बुधली घेऊन मदतीला येत.

बेटाच्या पाटलाला लहानपणीचे ते दिवस चांगले आठवत. होडी बांधताना खिळा वापरत नसत. पुरुष फळ्यांना भोकं पाडत आणि बायका काथ्याच्या दोरीने फळी फळीला शिवत. शिवताना गाणी म्हणत. उंडीच्या तेलाचा कडवट वास दोन-दोन दिवस केसांतून जात नसे. नारळी पुनवेला सगळे आजे एका रांगेत पाण्यात उतरत, तेव्हा लहानग्या पाटलाला वाटे, आपल्या बेटाला पाय फुटलेत.

तो तरुणपणी पाटील झाला, त्याच वर्षी चार बंदरांपैकी सर्वांत मोठ्या बंदराचं जहाज बेटाला लागलं. त्या बंदराच्या राजाचा कारभारी खाली उतरला. गोड बोलणारा, हसतमुख माणूस.

"पाटील, हातांना किती घट्टे पडलेत तुमच्या!" तो म्हणाला. "कशाला एवढी वल्ही मारता? आमचं जहाज दर आठवड्याला तुमच्या दारात येईल. माल इथेच द्या, तांदूळ इथेच घ्या. आणण्या-नेण्याचं काही द्यायचं नाही."

बेटावरचा सुतार तेव्हाच पन्नाशीला आला होता. तो पुटपुटला, "फुकट कोण नेतंय रे पाटला? मेल्यावर चार जण नेतात, तेवढेच."

"काका, तुम्हाला तुमच्या कामाची काळजी," पाटील म्हणाला. "आमच्या खांद्यांची पण करा की जरा!"

सगळे हसले. सुतारही हसला.

मग जहाज येऊ लागलं. सुरुवातीची वर्षं खरोखर सुखाची गेली. मासळी किनाऱ्यावरूनच जाळी टाकून मिळे, त्यामुळे होड्या वाळूत पालथ्या पडल्या. एकीत कोंबड्या अंडी घालू लागल्या, एक तर कुणी म्हशीच्या पाण्यासाठी नेली. पुढे कारभाऱ्याने विचारलं, "आता होड्या नाहीत, तर ही झाडं कशाला? आमच्या जहाजांच्या डोलकाठ्यांना चांगली आहेत." किंमत चांगली होती. अंगणाअंगणांतल्या उंड्या गेल्या. एकच उरली, पाटलाच्या अंगणातली. त्यात शहाणपण काही नव्हतं. दुपारी तिच्या सावलीत बाज टाकून झोपायची पाटलाला सवय होती, एवढंच.

बाळ जन्मल्यावर बी पुरायची रीतही कधी थांबली, कुणाच्या ध्यानात आलं नाही.

सगळ्या होड्या कुजल्या आणि त्याच वर्षी मासळीचा भाव उतरला. पुढच्या वर्षी आणखी उतरला. तांदूळ मात्र चढत गेला. लोक कुरकुरत, पण दुसऱ्या बंदराला जाणार कशाने? "काय करणार, जहाज त्यांचं," असं म्हणायची बेटाला सवय लागली. नव्या पोरांना तर वाटे, किनाऱ्यावर बंदर एकच आहे.

पाटलाचे केस पिकले. आणि एका दसऱ्यानंतर कारभारी जहाजातून उतरला तो नेहमीपेक्षा जास्त गोड बोलत.

"पाटील, पूर्वेकडची तुमची खाडी आमच्या राजाला हवी आहे. लढाऊ जहाजं उभी करायला. आणि विहीर. खलाशांना पाणी लागतं. तुम्हालाही मिळेल की, ठरल्या वेळी."

"आणि नाही म्हटलं तर?"

"अहो, जबरदस्ती थोडीच आहे?" कारभारी हसला. "नको तर नको म्हणा. आमचंही जहाज मग इकडे यायला नको म्हणेल. आठ दिवसांनी येतो."

सगळं बेट देवळापुढे जमलं. "विहीर देऊन टाका," एक जण म्हणाला. "पोरांना वाळू भरवायची का?" दुसऱ्याने मान डोलावली. तिसरा म्हणाला, "पाणी ठरल्या वेळी तर ठरल्या वेळी. तहानसुद्धा शिकेल की वेळेवर लागायला." कुणी हसलं नाही.

पाटील घरी आला. 'हो' म्हणायचं, असं त्याच्या मनाने जवळजवळ घेतलं होतं. पाटलीण कळशी घासत होती. मान वर न करता तिने विचारलं, "उद्या मी माझ्याच विहिरीवर कुणाला विचारून कळशी बुडवू, तेवढं सांगून ठेवा."

पाटील तसाच उठला आणि सुतारकाकांकडे गेला. काका आता खूप म्हातारे झाले होते. दारात बसून लाटणी तासत होते. कधीकाळी दर्यावर्दी होड्या घडवणाऱ्या हातांना आता एवढंच काम उरलं होतं.

"काका, होडी बांधता येईल?"

"लाकूड?"

"माझ्या अंगणात आहे."

सुतारकाकांनी लाटणं खाली ठेवलं. "ती तुझ्या बापाने तुझ्या बारशाला लावली. ती तुझ्या नातवाची आहे, पाटला."

"म्हणूनच," पाटील म्हणाला. "नातवाला होडी ठेवायची की मालक ठेवायचा, ते आज ठरतंय."

आठव्या दिवशी कारभारी आला. पाटलाने एकच शब्द सांगितला, "नको."

"बरं," कारभारी म्हणाला. "भूक लागली की टेकडीवर पांढरं निशाण लावा. आम्ही माणुसकी सोडलेली नाही." जहाज गेलं. त्याच जहाजातून बेटावरची दोन कुटुंबंही गेली.

उंडी पडली त्या दिवशी पाटील घराबाहेर आला नाही. कुऱ्हाडीचा आवाज मात्र ऐकत राहिला. फळ्या कापल्या, खाडीच्या चिखलात मुरवल्या, सावलीत सुकवल्या. त्यात महिने गेले. लोक मासळी, खोबरं आणि उकडलेले कंद खाऊन राहिले. लहान मुलं भातासाठी रडत. रोज कुणी ना कुणी पाटलाला येता-जाता ऐकवी, "काय पाटील, लावायचं का निशाण?"

शेवटी शिवण सुरू झाली. होडीचं पोट नीट शिवून झालं, पण नाळेच्या, म्हणजे पुढच्या टोकाच्या, वळणावर फळी तडकली. मोठ्या मेहनतीने दुसरी बसवली, तीही तडकली. आता एकच फळी उरली होती. सुतारकाका हातपाय गाळून बसले. "काहीतरी चुकतंय. शिवायच्या त्या बायकाच. आम्ही नुसती भोकं पाडायचो. त्यातली आता एकही राहिली नाही रे."

बाजूला काथ्याचा दोर वळत बसलेली पाटलीण सवयीने गुणगुणत होती. तिच्या आईने शिकवलेलं गाणं, अर्थ कधी विचारला नव्हता:

दोन टाके माहेराचे, तिसरा गं सासराचा,
वळणाला सैल सोड, मान राख दर्याचा.

सुतारकाका ताडकन उठले. "परत म्हण! परत म्हण, पोरी!" तिने परत म्हटलं. काकांनी कपाळावर हात मारला. "वळणाला सैल! आम्ही ओढून ओढून घट्ट करतोय, मग फळी फुटेल नाही तर काय! साठ वर्षं हे गाणं ऐकतोय गं मी. सूर ऐकला, शब्द कधी ऐकले नाहीत."

शेवटची फळी बायकांनी शिवली. ती टिकली.

पाटील स्वतः पाच जणांना घेऊन निघाला. हातांची सालटं निघाली, दोनदा वाट चुकली, पण तिसरं बंदर सापडलं. तिथला म्हातारा व्यापारी डोळे बारीक करून म्हणाला, "बेटवाले? आम्हाला वाटलं, तुम्ही संपलात." त्याने मासळी घेतली आणि रास्त भाव दिला. परतताना होडीत मावले तेवढेच तांदूळ आले. घरटी दोन-दोन ओंजळी. त्या दिवशी बेटावर नुसता भात शिजला, वर तूप नाही, कालवण नाही. तरी मोठी माणसं वाफेवर तोंड धरून बसली, आणि कुणी कुणाच्या डोळ्यांकडे पाहिलं नाही.

बेटाची मासळी तिसऱ्या बंदरात विकली गेल्याची बातमी मोठ्या बंदरात पोचायला आठवडा लागला, आणि निशाण न लावताच मोठं जहाज बेटाला लागलं. कारभाऱ्याच्या हातात गुळाची ढेप होती.

"राग सोडा, पाटील. खाडी नको, विहीर नको. आपलं पूर्वीसारखंच चालू द्या."

"हाकलून द्या त्याला!" मागून पोरं ओरडली.

"का बरं?" पाटील म्हणाला. "जहाज चांगलं आहे. दारात आलंय." मग तो कारभाऱ्याकडे वळला. "मासळीला काय भाव देता?"

इतक्या वर्षांत हा प्रश्न कुणी विचारला नव्हता. कारभाऱ्याची नजर वाळूवर गेली. तिथे ती एकुलती एक, ओबडधोबड, तेलाने काळी झालेली होडी दोराला बांधून ठेवली होती. मग त्याने भाव सांगितला. गेल्या वर्षीच्या दुप्पट.

पाटील म्हणाला, "विचार करून सांगतो."

आणि सुतारकाकांना इतकं हसू आलं की त्यांना धरून खाली बसवावं लागलं.

पाटलाच्या अंगणात आता दुपारी सावली नसे. डोक्यावर ओला पंचा टाकून तो उन्हात बसे आणि शेवटच्या उंडीच्या जपून ठेवलेल्या बिया वाटे, प्रत्येक मुलामागे एक. एका लहान मुलीने बी मुठीत धरून विचारलं, "पाटीलआजोबा, याची होडी कधी होईल?"

"तुला नातू होईल तेव्हा."

"बाई! इतक्या उशिरा?"

"उशीर आमच्यामुळे झाला, बाळ," पाटील म्हणाला. "तू आजच पूर."

तात्पर्य: दुसऱ्याच्या जहाजात खुशाल बसावं, पण आपली होडी आपल्या किनाऱ्याला बांधलेली असावी. ज्याला 'नको' म्हणता येत नाही, त्याच्या 'हो'ची किंमत समोरचा ठरवतो.