जोमाची पाटी

फार वर्षांपूर्वीची गोष्ट. किती वर्षांपूर्वीची ते विचारू नका, सांगणाऱ्या प्रत्येकाचा हिशेब वेगळा आहे. खाडीकाठी धाकटीखार नावाचं आगऱ्यांचं एक गाव होतं, अजूनही आहे. या गावाची तऱ्हा अशी, की भरती आली की खाडीचं पाणी वर आणि गावाची भातशेती खाली. दोघांच्या मध्ये काय, तर माणसांनी हातांनी रचलेला चिखलाचा बांध. बांधाच्या आत भात आणि भाताच्या पलीकडे गोड्या पाण्याचं एकुलतं एक तळं. त्या तळ्यावर सगळं गाव जगायचं.

बांध राखायला गावानं जोमाला नेमलं होतं. मोठं उधाण यायच्या आधी त्यानं बांधावरून फिरायचं, खेकड्यांनी पाडलेली बिळं शोधायची आणि त्यात पेंढा नि चिखल कोंबून पायानं घट्ट दाबायचं. खेकडा तो केवढासा! पण त्याच्या बिळातून खारं पाणी शिरलं की आधी पाझर लागतो, मग धार लागते आणि मग बांधाला खिंडार पडतं.

जोमा शब्दाचा पक्का होता. सकाळी येतो म्हणाला तर कोंबडा आरवायच्या आधी दारात उभा. कुणाचं छप्पर शाकारायचं असो, कुणाची होडी ओढायची असो, जोमानं हो म्हटलं की काम झालंच समजायचं. उधाण एक वेळ चुकेल पण जोमाचा शब्द चुकायचा नाही, असं म्हणतात.

एवढ्या गुणाच्या माणसाला खोड कसली असणार? होती. दुसऱ्याला दिलेला शब्द तो पाळायचा आणि स्वतःला दिलेला खुशाल मोडायचा. स्वतःचं घर गळत होतं, स्वतःचं जाळं फाटलेलं होतं. आज करू म्हणून उठायचा, तेवढ्यात कुणीतरी हाक मारायचं आणि हा निघाला. त्याची बायको चांगी त्याला म्हणायची, की गावाचं बोलणं तेवढं तुमाला ऐकू येतं, स्वतःचं येत नाही. तो हसायचा. आपण आपल्याला दिलेल्या शब्दाला साक्षीदार नसतो, त्यामुळे तो मोडला तरी आवाज होत नाही, असं त्याला वाटायचं. आपल्यातल्या पुष्कळांना वाटतं.

एका उन्हाळ्यात जोमाला बांधाच्या टोकाला, तिवरांच्या झाडीपाशी एक बीळ दिसलं. मूठ आत जाईल एवढं. बांधाचा प्रत्येक तुकडा कुणा ना कुणा घराच्या वाट्याला होता, त्यामुळे इतर ठिकाणचं बीळ दिसलं की तो घरवाल्याला सांगायचा, उद्या बुजवतो. पण टोकाच्या तुकड्याचं घर वंश संपून ओस पडलं होतं. सांगायचं कुणाला? मग तो स्वतःलाच म्हणाला, "जोमा, उद्या हा बील बुजवाचा."

दुसऱ्या दिवशी लग्नाचा मांडव घालायला बोलावणं आलं. तिथं शब्द दिलेला होता, गेला. त्यानंतर कुणाची म्हैस चिखलात रुतली. त्यानंतर आणखी काही. रोज संध्याकाळी तो स्वतःला सांगायचा, उद्या नक्की. पुढे पुढे सांगतानाच त्याला हसू यायला लागलं. आणि मग एक दिवस त्यानं सांगणंच सोडून दिलं, कारण ऐकणाऱ्याचा आता त्याच्यावर विश्वास उरला नव्हता. मला विचाराल तर बांध त्या दिवशीच फुटला. पाणी फक्त नंतर आलं.

पाऊस सुरू झाला तसा जोमा फेरीला जायचा पण टोकाला न जाता अलीकडूनच वळायचा. तिकडे पाहिलं की त्याला स्वतःची लाज वाटायची. लोक विचारायचे, बांध कसा हाय? तो म्हणायचा, बरा हाय. लोक निवांत झोपायचे.

श्रावणात नारळी पुनव आली. सगळं गाव वाजतगाजत खाडीवर नारळ वाहायला जमलं होतं. भर दुपारची भरती, आणि उधाण असं की म्हाताऱ्यांनीही पाहिलं नव्हतं. नारळ पाण्यात पडला आणि तिवरांच्या बाजूनं मोठं झाड मोडल्यासारखा आवाज आला. कुणाला काही कळेना. एकट्या जोमाला कळलं. तो धावत सुटला.

तो पोचेपर्यंत खिंडार बैलगाडी जाईल एवढं झालं होतं. जोमानं त्यात उडी घेतली आणि पाण्याला पाठ लावून उभा राहिला. असं म्हणतात, की त्याच्या पाठीला टेकल्यावर खाडी क्षणभर दबकली. तेवढ्यात गावानं कुडाच्या काठ्या, पेंढा, घरांची दारंसुद्धा आणून टाकली आणि ओहोटी लागेपर्यंत जोमाच्या भोवती नवा बांध उभा केला. गाव वाचलं. पण व्हायचं ते होऊन गेलं होतं. भात कुजलं, दिवाळीनंतर शेतात पांढरं मीठ फुललं, आणि तळ्याचं पाणी तोंडात धरवेना.

पाण्याशिवाय माणूस किती दिवस राहणार? अर्धं गाव होड्यांत चूलभांडी घालून डोंगराच्या बाजूला निघून गेलं. त्यात जोमाचा धाकटा भाऊ पोशाही होता. दोघे एका ताटात जेवून वाढलेले. निघताना पोशा त्याच्या पाया पडला आणि म्हणाला, "दादा, तू व्हतास म्हनून आमी जिते हाव."

जोमानं तोंड उघडलं. सांगायचं होतं, की पोशा, हे माझ्यामुळं झालं. पण त्यानं वाकून होडी पाण्यात ढकलून दिली. होडी गेली.

मागं राहिलेले लोक होडीनं लांबून गोडं पाणी आणून दिवस काढायचे. ते जोमाला देवासारखा मान द्यायला लागले आणि जोमा वाळत गेला. कुणाला शब्द देईना. मना माजाच भरोसा नय, एवढंच म्हणायचा, आणि लोकांना तो विनय वाटायचा. शेवटी चांगीनं त्याला समोर बसवून विचारलं, तेव्हा त्यानं सगळं सांगितलं. चांगी रागावली नाही आणि तिनं समजूतही घातली नाही. ती म्हणाली, "मोठा कायव बोलू नका. पाळाल येवराच बोला."

दुसऱ्या दिवशी पहाटे जोमा बांधाच्या टोकाला उभा राहिला आणि मोठ्यानं म्हणाला, "जोमा, आज एक पाटी." खाडीतून एक पाटी, म्हणजे टोपलीभर, चिखल काढला, बांधावर टाकला, पायानं दाबला आणि घरी आला. दुसरी टाकली नाही. रोज हेच. कुणी हाक मारली तर म्हणायचा, पाटी टाकून येतो. लोक कुरकुरायला लागले. बैल गेला आणि झोपा केला, असं तोंडावर म्हणाले. एकदा तर त्याच्यावाचून वरात खोळंबली, तरी तो पाटी टाकूनच आला. त्या दिवसापासून गावाच्या लेखी जोमा आपमतलबी झाला.

पण बांध वाढत गेला. तापानं फणफणला होता तेव्हा तो म्हणाला, आज एक मूठ, आणि रांगत जाऊन मूठभर चिखल लावून आला. असं म्हणतात, की त्या टोकाला खेकड्यानं पुन्हा बीळ पाडलं नाही. असंही म्हणतात, की उधाणाचं पाणी बांधाच्या माथ्याशी येऊन थांबायचं आणि जोमाची पाटी पडल्यावरच मागं फिरायचं. पाणी कुणासाठी थांबत नाही, हे मलाही ठाऊक आहे. पण तिथले लोक तसं सांगतात.

एक शब्द मात्र त्यानं पुढे ढकलला होता. तळं गोड झालं की पोशाकडे जाईन, पाणी पाजीन आणि खरं सांगेन. दर पावसाळ्यानंतर तो ओंजळभर पाणी चाखायचा आणि थुंकून टाकायचा. पावसामागून पाऊस मीठ धूत गेले, जोमाचे केस पिकले. मग एका वर्षी त्यानं ओंजळ तोंडाला लावली आणि पाणी घशाखाली उतरलं. त्याच दिवशी तो कळशी भरून होडीत बसला.

डोंगराखालच्या वाडीत पोशाचं घर सापडलं. दारात त्याची सून तांदूळ निवडत होती. तिनं सांगितलं, मामंजी मागच्याच पावसात गेले. शेवटी शेवटी गावच्या तळ्याचं पाणी मागत होते.

जोमा अंगणात बसला. कळशी मांडीवर धरून त्यानं सुरुवातीपासून सगळं सांगितलं, बीळ, मांडव, म्हैस, अलीकडून वळणं, काही लपवलं नाही. सून ऐकत राहिली. ही गोष्ट आपल्यापर्यंत आली ती तिच्या तोंडून. सांगून झाल्यावर तो म्हणाला, "पानी गोर झाल्यावं सांगीन बोललू. खारा व्हता तवाच सांगावाचा व्हता."

जोमा परत आला आणि मरेपर्यंत पाटी टाकत राहिला. त्यानंतर तो कुणाशी फारसं बोलल्याचं कुणी सांगत नाही.

धाकटीखारेत आजही पावसाआधी बांधाची डागडुजी निघते. टोकाचा तुकडा अजून कुणा घराचा नाही. म्हणून आधी सगळे तिथं जातात आणि एकेक पाटी टाकतात. टाकण्याआधी प्रत्येकजण स्वतःचं नाव घेऊन स्वतःला एक शब्द देतो, ओठातल्या ओठात. कुणाचा शब्द कुणी विचारायचा नाही, अशी रीत आहे. दर वर्षी एखादा माणूस तिथवर येतो, पाटीला हात लावतो आणि न उचलता मागं फिरतो. त्याला कुणी हटकत नाही. त्याची भरलेली पाटी तिथंच ठेवतात. संध्याकाळी काम आटोपून गाव घरी गेल्यावर तो परत येतो, असं म्हणतात. सकाळी ती पाटी कधी रिकामी सापडते, तर कधी ठेवली तशीच.