दुसरी नळी

“एका नळीत भागलं असतं, तर लोक दुनळी बंदूक कशाला घेतील, अण्णा?”

निम्म्या गावाला पारध शिकवलेले अण्णा राणे न पेटवलेली विडी चावत राहिले.

सुलभाला गप्प बसणं कुठलं जमायला! डुकरांनी सुरणाचं शेत उकरलं, तेव्हा चाळिशी उलटल्यावर तिनं बंदूक हातात धरली होती. नेम धरायला करवंट्या फोडल्या होत्या. गावातल्या करवंट्या आता तिला चळचळा कापत.

“एका नळीत छर्रा, एकीत गोळी. जवळचं, लांबचं, दोन्ही साधतं. चुकलं तर लगेच दुसरा बार. मध्ये भरत बसायला नको.”

“विचार करत बसायलाही नको,” अण्णा पुटपुटले.

पहिल्या पारधीला शिष्याची बंदूक गुरूनं भरायची, ही तिथली रीत. अण्णांनी पाठ फिरवून भरली आणि तिच्या हातात दिली.

टेकाडावरून हाकारे सुरू झाले. माणसं डबे बडवत रान उठवत होती. त्यांत तिचा दीर दामूही होता.

करवंदीच्या जाळीतून डुक्कर निघालं. करवंटीपेक्षा बरंच मोठं.

तिनं चाप ओढला. धडाड! डुक्कर किंचाळलं, कोलमडलं, उठलं आणि परत जाळीत घुसलं.

मग काहीच नाही... डबेही थांबले.

“अण्णा, जखमी डुक्कर अंगावर येतं ना हो?”

“येतं.”

तिनं बंदूक पुन्हा खांद्याला लावली.

जाळी हलली. अगदी जवळ. काहीतरी काळं, वाकलेलं, तिच्याच रोखानं...

तिनं दुसरा चाप ओढला.

खट्.

नुसतंच खट्.

फांद्या बाजूला सारत दामू उभा राहिला. काळा सदरा, कोपरांवर ओरखडे, तोंडभर हसू.

“वहिनी, पडलंय ते आत! रक्ताच्या मागानं आलो मी. अगो, अशी काय बघतेस?”

बंदूक अजून त्याच्या छातीवर रोखलेली. अण्णांनी नळी हलकेच जमिनीकडे वळवली.

मग कनवटीतून दुसऱ्या नळीचं काडतूस काढून त्यांनी तिच्या तळहातावर ठेवलं. तिनं हात झटकन मागे घेतला, ते खाली पडलं.

“नको, अण्णा... मला नको ती दुसरी नळी.”

अण्णांनी काडतूस उचललं. धोतराला पुसलं. पुन्हा तिच्यासमोर धरलं.

“आता भर.”