दरबारी आवाज आणि छोटं मशीन

रंगराव घोरपडे गरजले की नाट्यगृहातली शेवटची रांगसुद्धा ताठ बसायची. नाटक कंपनी त्यांची, नायकही तेच. मग अक्कल दुसऱ्या कुणाला कशी असणार?

नेपथ्य मात्र शालनताईंचं, आणि त्यांनाही आपल्या हाताचा तोरा काही कमी नव्हता. त्यांच्याकडे स्क्रू मारायची बॅटरीवरची दोन मशीनं होती. सिंहासनाच्या भक्कम चौथऱ्याला मोठं, पातळ प्लायवूडच्या महिरपीला छोटं. त्या महिरपीला स्क्रू मारत होत्या, तेवढ्यात रंगराव आले.

"हे काय खेळणं? आज सगळं काम मोठ्या मशीननंच होईल. ताकद हवी, ताकद!"

असं म्हणून त्यांनी मोठं मशीन स्वतःच महिरपीला लावलं. स्क्रू आरपार गेला नि महिरप चिरली.

"माल हलका आहे," रंगराव म्हणाले.

शालनताईंनी पदर खोचला. "बरं मालक, मोठ्याच मशीननं करते. पण मग तुम्हीही आज एकच आवाज लावायचा, दरबारातला. शेवटच्या अंकात मरणाऱ्या लेकीच्या कानात जे बोलता, तेही तसंच गरजून म्हणा."

रंगरावांच्या डोळ्यांसमोर तो प्रसंग उभा राहिला, आणि खो खो हसणारे प्रेक्षकही. त्यांनी मोठं मशीन खाली ठेवलं, छोटं उचलून शालनताईंच्या हातात दिलं आणि कानाशी वाकून हळूच म्हणाले, "घ्या, तुमचं तुम्ही करा."

"आता कसं!" शालनताई ऐटीत म्हणाल्या. "एवढ्याशा आवाजात काम झालं की नाही?"