धड पंखाची पट्टी

फार फार वर्षांपूर्वी, एका मोठ्या रानाच्या कडेला एक वैदीण राहत होती. माणसांची नव्हे, रानातल्या जखमी पशुपाखरांची वैदीण. कुणाला फासात अडकलेला ससा सापडला, कुणाला पडलेली घार दिसली, की लोक तो जीव पाटीत घालून तिच्या दाराशी आणून ठेवत.

आलेल्या जिवाला ती लगेच हात लावत नसे. पाटी सावलीत ठेवायची, चार हात दूर बसायची आणि नुसती बघत राहायची. श्वास कसा चाललाय, मान कुठं झुकतेय, कोणत्या पायावर भार पडत नाही. मग जवळ जाऊन हलक्या बोटांनी हाड न् हाड चाचपायची आणि निदान सांगायची. कुणाला औषध, कुणाला नुसता विसावा, कुणाला शेवटचा शांत कोपरा. तिचं निदान कधी चुकत नसे.

तिच्यासोबत तिची धाकटी बहीण राहायची. एका वर्षी ती तापाने गेली. त्यानंतरही सकाळी चूल पेटवताना वैदिणीच्या तोंडून "उठलीस का गं?" असं निघून जायचं, आणि मग दिवसभर ती कुणाशीच बोलायची नाही. बरे झालेले जीव रानात पळत, ते मागे वळून बघत नसत.

हिवाळा संपत आला असताना कुंभाराने एक करकोचा आणला. तळ्याकाठी माती काढताना तो त्याला गाळात बसलेला सापडला होता. वैदिणीने नीट पाहिलं, चाचपलं. दोन्ही पंख धड होते. पाखरू उपाशी होतं, थकलं होतं, एवढंच. दोन दिवस दाणापाणी मिळालं असतं तर उडून गेलं असतं.

"काय झालंय त्याला, आक्का?" कुंभाराने विचारलं.

तेवढ्यात करकोच्याने मान वर केली. "बाई, तू इथं एकटीच राहतेस?"

आलेले जीव बोलत ते आपल्या दुखण्याबद्दल. तिच्याविषयी आजवर कुणी विचारलं नव्हतं.

"पंख मोडलाय," वैदीण कुंभाराला म्हणाली. "राहू दे इथंच. बरेच दिवस लागतील."

कुंभार गेल्यावर तिने त्या धड पंखाला बांबूच्या कामट्या लावल्या आणि फडक्याने आवळून बांधलं.

"पण तो दुखत नाही," करकोचा म्हणाला.

"आतलं दुखणं आहे. तुला कळायचं नाही."

करकोच्याने विश्वास ठेवला. तो तिला दूर उत्तरेच्या गोष्टी सांगे, तिथल्या थंड पाण्याच्या, आपल्या थव्याच्या. कितीतरी दिवसांनी वैदीण हसली.

मग एका सकाळी थवा परतीला निघाला. आपला एक कमी आहे हे जाणून तो तळ्यावर घिरट्या घालत हाका मारू लागला.

"सोड ना पट्टी!" करकोचा कळवळून म्हणाला. "एकदा उडून तर बघू दे!"

"अजून चार दिवस थांब."

थव्याने बराच वेळ वाट पाहिली आणि तो निघून गेला. त्या दिवसापासून करकोच्याने दाण्याला चोच लावली नाही.

ते वैदिणीला पाहवेना. तिने पट्टी सोडली. पण आखडलेला पंख अर्धाच उघडला, आणि उडी मारताच करकोचा अंगणात कोसळला.

"तो आधीच मोडला होता ना?" त्याने विचारलं.

हो म्हणणं सोपं होतं.

"नाही," वैदीण म्हणाली. "धड होता. मला कुणीतरी हवं होतं, म्हणून बांधला."

करकोच्याने मान फिरवली. त्यानंतर तो तिच्याशी एक शब्दही बोलला नाही. ती रोज त्या पंखाला तेल चोळायची, हळूहळू उलगडायची. तो मुकाट्याने करू द्यायचा. आता घरात दोन जीव होते, आणि घर पूर्वीहून गप्प झालं होतं.

पुढच्या हिवाळ्यात थवा पुन्हा तळ्यावर उतरला. करकोचा धावत सुटला, आणि वेडावाकडा का होईना, उडाला. वैदीण दारात उभी राहिली. तिला हाक मारावीशी वाटली, पण तिने मारली नाही.

तेव्हापासून कुणी जीव घेऊन आला की ती त्यालाही पाटीजवळ बसवून घेई. "तूही नीट बघ," ती म्हणे, "आणि मी भलतंच सांगितलं तर मला अडव." पाखरू धड निघालं तर ती आणणाऱ्याच्याच हातून लगेच सोडायला लावी, आणि एकटीच घरात जाई.

म्हणून लहानथोरांनो, एवढं ध्यानात ठेवा: दुसऱ्याचं दुखणं तपासायला बसताना आपली गरज मध्ये येऊ देऊ नये, नाहीतर बरं करणारे हातच इजा करतात.