गाण्याचे झाले दाणे

कुसुंबवाडी गावात एक छोटं वाचनालय होतं. तिथे कुंदा नावाची मुलगी नुकतीच कामाला लागली होती. कामाला चटपटीत, पण स्वभावाने भित्री. आपल्याला कोणी रागावेल, या धाकानेच तिचा अर्धा जीव जाई.

त्याच गावात हौसाबाई राहत. जात्यावरच्या ओव्या म्हणाव्यात तर त्यांनीच. पण त्या ओव्या आजवर फक्त घरच्या भिंतींनी ऐकल्या होत्या. कुंदाने फार आर्जवं केली, तेव्हा कुठे म्हातारी चार लोकांपुढे गायला तयार झाली.

कुंदाने लगबगीने संगणकावर सूचना टाईप करायला घेतली: 'शनिवारी संध्याकाळी वाचनालयात हौसाबाईंचे गाणे. सर्वांनी यावे.' 'ग'च्या शेजारीच 'द'ची कळ. बोट जरासं सरकलं आणि 'गाणे'चं 'दाणे' झालं. पुन्हा वाचून न पाहताच तिने कागद फळ्यावर लावला.

शनिवारी वाचनालय माणसांनी भरून गेलं. कुंदा हरखली. मग तिच्या लक्षात आलं, जो तो हातात पिशवी घेऊन आला होता. हौसाबाईंच्या शेतातली ज्वारी टपोरी. त्या बियाणं वाटणार, असंच सगळे समजले होते.

हौसाबाई ठेवणीतलं लुगडं नेसून बसल्या होत्या. त्यांनी घसा खाकरला, तोच मागून कोणी ओरडलं, "आजी, आधी दाणे काढा!"

सगळे हसले. म्हातारीचा चेहरा पडला. पदर सावरत ती उठू लागली. "मी म्हणत होते ना पोरी, माझं गाणं कोण ऐकणार?"

कुंदाने फळ्याकडे पाहिलं. 'गाणे'च्या जागी 'दाणे' होतं. वाचनालयाचे अध्यक्ष बापूसाहेब कडाडले, "ही सूचना कोणी लिहिली?"

संगणक बिघडलाय, असं म्हटलं असतं तर खपून गेलं असतं. शब्द ओठांवर आलेही होते. पण अर्धवट उठलेल्या हौसाबाई तिला दिसल्या.

"मी लिहिली," ती म्हणाली. "चुकीची कळ दाबली गेली, आणि मी वाचूनही पाहिलं नाही. आजी दाणे देणार नव्हत्या, गाणार होत्या. हसायचं तर मला हसा."

कोणी हसलं नाही. दोघेतिघे पिशव्या झटकून निघून गेले. बापूसाहेब पुढे झाले आणि त्यांनी हौसाबाईंना हाताला धरून पुन्हा बसवलं.

हौसाबाईंनी कुंदाला जवळ ओढलं, पदराने तिचे डोळे पुसले. "रडतेस कशाला? नुसतं गाणं म्हणून लिहिलं असतंस, तर एवढी माणसं आली असती का गं?"

मग डोळे मिटून त्यांनी माहेराची ओवी धरली. दुसऱ्या ओवीला मागच्या बायका हलकेच साथ देऊ लागल्या. दाणे मागणारा माणूस पिशवी मांडीखाली घेऊन खाली बसला. दिवे लागले, तरी कोणी उठलं नाही.

तात्पर्य: चुकीची कळ कोणाच्याही हातून दाबली जाते, पण आपल्या चुकीपायी दुसऱ्यावर मान खाली घालायची वेळ येत असेल, तर 'ही चूक माझी' असं तिथल्या तिथे सांगावं.