पित्त हा शब्द सोडून सांगा

एकदा एक गुळाचा व्यापारी एका वृद्ध वैद्यांच्या ओसरीवर आला. दुपारी त्याच्या मुलीचा साखरपुडा होता. दारात जीप उभी होती आणि त्याला घाईने औषधाची पुडी तेवढी हवी होती. वैद्य आत पूजेला बसले होते, म्हणून त्यांचा शिष्य पुढे झाला. गुरूंजवळ काही वर्षे काढल्यामुळे त्याला आता रोग्याने तोंड उघडताच निदान सुचू लागले होते. विद्येच्या वाटेवर हा मुक्काम सर्वांनाच लागतो, आणि खरे सांगायचे तर याच मुक्कामी माणूस सर्वांत जास्त चुकतो.

"नेहमीचंच हो. पित्त झालंय," व्यापारी म्हणाला.

"उलटी झाली का?"

"पहाटे झाली. पुष्कळ पित्त पडलं."

"मग उत्तमच झालं! पडलं की माणूस मोकळा होतो. ही पुडी थंड दुधातून घ्या आणि खुशाल जा."

आपल्याकडे या एका शब्दात काय काय मावते! डोके दुखले तरी पित्त, अंगावर गांधी उठल्या तरी पित्त, आणि सासरेबुवा संतापले तर त्यांचेही पित्तच खवळते. शिष्याने दुधाचा पेला पुढे केला. व्यापाऱ्यासोबत आलेल्या त्याच्या पत्नीने पदराने नवऱ्याच्या कपाळावरचा घाम टिपला. सकाळचा गारठा होता, तरी घाम थांबत नव्हता.

इतक्यात वैद्य बाहेर आले. त्यांनी व्यापाऱ्याच्या पांढऱ्या पडलेल्या ओठांकडे पाहिले, त्याच्या हातातला पेला घेतला आणि दूध अंगणात ओतून टाकले.

"शेठ, काय होतंय?"

"पित्त..."

"तो शब्द सोडून सांगा."

"वैद्यबुवा, मुहूर्त टळेल. थट्टेची वेळ आहे का ही?"

"तो शब्द एकदाही न उच्चारता सांगा."

शिष्य शरमला. गावातल्या मानाच्या माणसाला कार्याच्या दिवशी शाळकरी पोरासारखे उभे करायचे? म्हातारपणी बुद्धीला असे फाटे फुटतात, असेच त्याला वाटले.

व्यापारी चिडून बोलू लागला. "छातीच्या खाली, इथं, कुरतडल्यासारखं दुखतं. पोट रिकामं असलं की फार. दोन घास खाल्ले की थांबतं, मग पुन्हा सुरू."

"कधीपासून?"

"दिवाळीपासून."

"दुसरी कसली गोळी घेता?"

"गुडघ्याची. दुकानातून आणतो. रोजच लागते, कधी उपाशीपोटीही घेतो."

"पहाटे पडलं ते कसं होतं? पिवळं, कडू?"

"पिवळं नाही." व्यापारी शब्द शोधू लागला. "काळपट होतं. चहाच्या चोथ्यासारखं."

"आणि शौचाला?"

व्यापाऱ्याने पत्नीकडे पाहून मान खाली घातली. "परवापासून काळी होते. डांबरासारखी, चिकट. मला वाटलं, साचलेलं तेच बाहेर पडतंय."

वैद्य शिष्याकडे वळले. त्यांचा आवाज एकदम कठोर झाला. "अरे, ऊठ! यांना जिल्ह्याच्या रुग्णालयात ने. जीपमध्ये आडवं ठेव. तोंडात पाण्याचा थेंबही घालू नकोस."

"आज? माझ्या मुलीचा साखरपुडा..." म्हणत व्यापारी ताडकन उठला आणि उभ्याउभ्याच कोसळला. शिष्याने त्याला कसेबसे सावरले.

"साखरपुडा राहू दे," पत्नी रडत म्हणाली. "आधी माणूस राहू दे."

वाटभर शिष्याची बोटे त्याच्या मनगटावर होती. नाडी बारीक, भरधाव आणि मध्येच हरवणारी. ती हरवली की शिष्य बोटे दाबून ती पुन्हा शोधायचा. रुग्णालयात रक्त चढवले, घशातून दुर्बीण घातली. जठरात व्रण होता आणि त्याच्या तळाची रक्तवाहिनी फुटली होती. डॉक्टरांनी ती बंद केली. माणूस वाचला.

दुसऱ्या दिवशी शिष्य परतला, तो गुरूंसमोर मान खाली घालून बसला.

"गुरुजी, तो शब्द का काढून घेतलात?"

"कारण त्या शब्दामागे रक्त दडलं होतं," गुरू म्हणाले. "पोटातलं रक्त लालच दिसतं असं नाही. ते काळं होऊन बाहेर पडतं. शेठ खोटं बोलत नव्हते. पण दुखण्याला ओळखीचं नाव मिळालं की रोगी सांगायचं सोडतो आणि वैद्य विचारायचं सोडतो. तू शब्द ऐकलास, घाम पाहिला नाहीस. तिखटाला आपण उगाच दोष देतो. असे व्रण बहुधा जंतूंनी होतात, नाहीतर अशा वेदनाशामक गोळ्यांनी. नुसती कळ होती तेव्हाच डॉक्टरांना दाखवलं असतं, तर औषधानं भागलं असतं. पण उलटीत रक्त आलं, शौचाला काळं झालं, डोळ्यांपुढे अंधारी आली किंवा एकाएकी असह्य कळ येऊन पोट फळीसारखं कडक झालं, तर रोग्याला आपल्या ओसरीवर क्षणभरही थांबवायचं नाही. थेट रुग्णालय."

शिष्याचे डोळे भरून आले. त्याने भीत भीत विचारले, "आणि ते दूध पिऊन शेठ घरी गेले असते तर?"

"तर त्यांना बरं वाटलं असतं," गुरू म्हणाले. "साखरपुड्याच्या पाटावर बसेपर्यंत छान बरं वाटलं असतं."